थॉर्न बर्ड्सवाली कॉलीन मॅकला - कोणी कोणी वाचलीये?

अनघा_ठाणे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं हा धागा काढायचं.

आईच्या उजव्या डोळ्यात गेल्या वर्षीपासून इंजेक्शनं चालू आहेत, पडद्याचा आजार, वयामुळे होतो तो. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. त्यामुळे तिचं वाचन जवळजवळ बंद झालंय आणि मी रोज रात्री तिला फोनवर वाचून दाखवते. काय वाचू विचारलं तर म्हणाली, ते पाद्री आणि मेगीचं पुस्तक वाच, माझं शेवट वाचायचं राहून गेलंय. झालं होतं असं की १९८५ च्या सुमारास तिने मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून 'द थॉर्न बर्ड्स' (ऑस्ट्रेलियातल्या ड्रॉहेडा नावाच्या मेंढ्यांच्या रानावरची मेगी आणि पाद्री राल्फ यांची कादंबरी) घेतलं होतं आणि त्याची शेवटची वीसेक पानं गायबच होती. ती तेव्हा बँकेत होती, लोकलमध्ये उभ्याने अख्खं पुस्तक वाचलं आणि शेवटी ही फसगत! नंतर संसारात ते राहिलं ते राहिलंच.

तर मी नवीन प्रत मागवली, वाचायला सुरुवात केली आणि सहज लेखिकेबद्दल शोधलं तर थक्क झाले. मला वाटलं होतं घरात बसून प्रेमकथा लिहिणारी कोणीतरी असेल. ही बाई मेंदूशास्त्रात काम करणारी! जन्म १ जून १९३७, ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधलं वेलिंग्टन नावाचं गाव. वडील ऊसतोडणी करत गावोगाव फिरणारे, आई न्यूझीलंडची, तिच्याकडून थोडं माओरी रक्त. घरात प्रेम कमी आणि भांडणं जास्त. वडील गेल्यावर कळलं की त्यांच्या आणखीही बायका होत्या. हिला डॉक्टर व्हायचं होतं, सिडनी युनिव्हर्सिटीत मेडिकलला गेली आणि सर्जरीच्या आधी हात धुवायच्या साबणाने हाताची कातडी सोलवटून निघायला लागली. त्या काळात त्यावर उपाय काय, तर डॉक्टरकी सोडा. सोडली. मग न्यूरोफिजिऑलॉजीत, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंचं काम कसं चालतं त्या शास्त्रात गेली, सिडनीच्या रॉयल नॉर्थ शोर हॉस्पिटलमध्ये तो विभाग उभा केला, १९६३ मध्ये इंग्लंडला गेली, लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये काम केलं, आणि तिथे येल विद्यापीठाच्या न्यूरॉलॉजी विभागाच्या प्रमुखांनी तिला पाहिलं आणि अमेरिकेला बोलावलं. १९६७ ते १९७६, जवळजवळ दहा वर्षं येल मेडिकल स्कूलमध्ये संशोधन आणि शिकवणं. आणि ही कादंबरी या नोकरीत असताना लिहिलेली, दिवसभर लॅब आणि रात्री टाइपरायटर!

का लिहिली याचं कारण तिने अगदी सरळ सांगून ठेवलंय. येलमध्ये तिला पुरुष सहकाऱ्यांच्या निम्मा पगार होता. तिला डोळ्यासमोर दिसत होतं की सत्तराव्या वर्षी आपण एकट्या, वरच्या मजल्यावरच्या गरम पाणी नसलेल्या खोलीत, साठ वॉटच्या एका दिव्याखाली बसलेल्या असू. म्हणून लिहिलं. मला हे फार आवडलं. आतून हाक आली वगैरे काही नाही, म्हातारपणाची सोय!

तुम्ही काय काय वाचलंय तिचं? लिहा प्लीज, आईलाही वाचून दाखवीन.

ब्रिस्बेनची_वैदेही

अनघाताई, आधी काकूंना नमस्कार सांगा आणि इंजेक्शनं चुकवू नका म्हणावं, माझ्या सासऱ्यांना त्यानेच बरंच थांबलं.

स्पेलिंग बघून मॅकलफ वाचावंसं वाटतं पण तुम्ही लिहिलंय तेच बरोबर, इकडे मॅकलाच म्हणतात. मी अठरा वर्षं ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये आहे. इथल्या माझ्या वयाच्या बायकांना विचारलं तर प्रत्येकीच्या आईने हे पुस्तक वाचलेलं असतं, आणि बहुतेकींनी ते आईच्या कपाटातून चोरून वाचलेलं असतं. जगभरात ३ कोटींच्या वर प्रती गेल्यात. १९७७ साली बाहेर येण्याआधीच अमेरिकेत पेपरबॅकच्या हक्कांचा लिलाव झाला तो १९ लाख डॉलरला, तोपर्यंत एवढी रक्कम कुठल्याच कादंबरीला मिळाली नव्हती.

तिची पहिली कादंबरी मात्र 'थॉर्न बर्ड्स' नाही हं. १९७४ मध्ये 'टिम' आली होती. चाळिशीतली एकटी, नोकरदार, पैसे राखून असणारी बाई आणि बुद्धीने लहान मुलासारखा राहिलेला पंचविशीतला देखणा मजूर मुलगा. छोटीशी आहे, आधी ती वाचा असं मी सगळ्यांना सांगते. तिच्यावर १९७९ मध्ये सिनेमा निघाला आणि त्यात मेल गिब्सन होता, अगदी नवखा, त्याला ऑस्ट्रेलियातलं बेस्ट ॲक्टरचं ॲवॉर्ड मिळालं त्यासाठी.

रोमन_पंत

थॉर्न बर्ड्स मी दोनदा सुरू करून सोडली. मला ती ताणलेली वाटते. पाद्र्याचं झुरणं शंभर पानांत झालं असतं. पण याच बाईने पुढे रोमवर जे काम केलंय त्याला माझा साष्टांग नमस्कार. सविस्तर लिहितो रात्री, आत्ता ऑफिसात आहे.

फडातला_पोरगा

अनघाताई तुमचा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं, मी एरवी नुसता वाचत असतो.

मी बीड जिल्ह्यातला. माझे आईवडील बावीस हंगाम पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेले. लेखिकेचे वडील ऊसतोड करायचे हे वाचलं आणि लायब्ररीतून पुस्तक आणलं, इंग्रजी माझं हळू आहे त्यामुळे दीड महिना लागला. त्यात मेगीचा नवरा ल्यूक ओ'नील ऊस तोडायला क्वीन्सलँडला जातो तो भाग मी तीनदा वाचला. बाईला माहितीय हे काम काय असतं. हात कसे फुटतात, पाठ कशी राहते, काजळी कशी अंगात शिरते आणि दिवस मावळल्यावर माणूस जेवतो आणि मेल्यासारखा पडतो हे तिने ज्या तऱ्हेने लिहिलंय ते घरी कोणी तोडीला गेलेलं असल्याशिवाय येत नाही असं मला वाटलं.

फरक पण खूप आहे. आमच्याकडे एक कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी. तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकणार, लेकरू फडाच्या कडेला. मुकादमाची उचल आधी घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. तिकडे पुस्तकात पुरुषांची टोळी असते, टनावर पैसे आणि पैसे चांगले. ल्यूक बायकोला दुसऱ्यांच्या घरी कामाला ठेवतो, तिचा पगार स्वतःच्या खात्यात घेतो आणि महिनोन्‌महिने फिरकत नाही. पैसा साठवून स्वतःचं शिवार घ्यायचं म्हणतो पण खरं तर त्याला टोळीतलं आयुष्यच आवडायला लागलेलं असतं. हे फार बारीक निरीक्षण आहे. आमच्या एका नातलगांचं असंच झालं होतं, शेत घेईन घेईन म्हणत तीस वर्षं कोयता सुटला नाही, फक्त त्यांच्या बाबतीत पैसा साठलाच नाही.

एक विचारायचं होतं, तिकडे ऊस पेटवून मग का तोडतात? आमच्याकडे जळालेल्या उसाला पैसे कापतात.

ब्रिस्बेनची_वैदेही

@फडातला_पोरगा, दादा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, आम्ही दोघंही गप्प बसलो होतो नंतर.

पेटवण्याचं कारण उंदीर. फडात उंदीर मूततात, ते पाणी आणि चिखल तोडणाऱ्याच्या हातापायाच्या जखमांतून आत जातं आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, तिकडे त्याला वाइल्स डिसीज म्हणायचे. १९३४-३५ च्या सुमारास उत्तर क्वीन्सलँडमध्ये, इंगम, इनिसफेल या भागात बरेच तोडणारे आजारी पडले, काही दगावले. मजुरांचं म्हणणं होतं की आधी पेटवा, उंदीर आणि पाचट जाऊ दे, मग आम्ही तोडतो. कारखानदार नको म्हणत होते कारण जळालेला ऊस लगेच गाळावा लागतो. त्यावरून मोठे संप झाले. कादंबरीतला ऊस त्याच काळातला आहे. आता इथे हाताने कोणी तोडत नाही, सगळं हार्वेस्टर, आणि बऱ्याच ठिकाणी हिरवाच तोडतात.

फडातला_पोरगा

धन्यवाद ताई. लेप्टो आमच्याकडे पण होतो पण त्यासाठी कोणी संप केल्याचं ऐकलं नाही.

ईईजीवाली

मी पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये वीस वर्षं ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढते. कॉलीन मॅकला आमच्या लाइनीतली म्हणून मला तिचं फार आहे.

साठच्या दशकातलं हे काम काय होतं त्याची कल्पना द्यावीशी वाटते. आता डोक्याला इलेक्ट्रोड लावले की स्क्रीनवर रेघा येतात. तेव्हा शाईच्या पेनांच्या ओळी असायच्या आणि त्यांच्याखालून कागद सरकत राहायचा, एका पेशंटचा गठ्ठाच्या गठ्ठा कागद. पेन अडकलं की थांबवायचं, शाई सांडायची. आणि रेषेत जे दिसतंय ते मेंदूतून आलंय की पेशंटने पापणी हलवली म्हणून आलंय हे ओळखायला नजर लागते, ती नजर अनेक वर्षं हजारो फूट कागद बघून तयार होते. आणि ही लहान मुलांच्या हॉस्पिटलात होती म्हणजे फिट येणारी, रडणारी मुलं. मुलाला झोपवून रेकॉर्डिंग घ्यायला केवढा पेशन्स लागतो ते मला विचारा.

मला तिच्या लिहिण्यात ही सवय दिसते. ती पात्राबद्दल निष्कर्ष काढायची घाई करत नाही, आधी नोंद करते. फी, म्हणजे मेगीची आई, तिचं कोरडेपण बघा. शेकडो पानं ती बाई एका मुलावर प्रेम करते आणि बाकीच्यांना नुसतं जेवायला घालते, लेखिका तिला ना शिव्या देते ना तिची बाजू घेते. मला वाटतं ते तिच्या स्वतःच्या आईवरून आलंय, तीही तशीच अबोल आणि थंड होती म्हणतात.

आणि डेन. ज्यांनी वाचलं नाहीये त्यांनी पुढचं वाक्य सोडा. मेगीचा मुलगा डेन ग्रीसमध्ये क्रीट बेटावर बुडणाऱ्या बायकांना वाचवताना मरतो. कॉलीनचा एकुलता एक भाऊ कार्ल १९६५ मध्ये क्रीटच्याच समुद्रात, अडचणीत सापडलेल्या लोकांना वाचवायला जाऊन बुडाला. हे मला पुस्तक वाचून झाल्यावर कळलं आणि मी ते प्रकरण परत काढून वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पाण्याचं, उन्हाचं वर्णन किती शांत आहे ते लक्षात आलं. बारा वर्षांनी, कथेतल्या आईच्या पदरात आपलं दुःख टाकून लिहिलेलं. पंत, शंभर पानांत झालं असतं म्हणालात ना, हे झालं नसतं.

रोमन_पंत

ईईजीवाली, हे मला माहीत नव्हतं. मी तिथपर्यंत पोचलोच नव्हतो दोन्ही वेळेला. परत हातात घेईन, शब्द देतो.

आता रोमबद्दल. १९९० मध्ये 'द फर्स्ट मॅन इन रोम' आलं आणि २००७ मध्ये 'अँटनी अँड क्लिओपात्रा'ने मालिका संपली, एकूण सात जाडजूड खंड. सुरुवात इसवी सन पूर्व ११० मध्ये. सीझर जन्मायच्याही आधी, मॅरियस आणि सुला या सेनापतींपासून. बाकीचे लेखक सरळ सीझरच्या खुनावर उडी मारतात. हिने आधी दोन पिढ्यांचं राजकारण उभं केलं, की प्रजासत्ताक असं एका रात्रीत पडत नाही, आधी सैन्यात बिनजमिनीची माणसं घेतली जातात, मग ती माणसं राज्याऐवजी सेनापतीशी एकनिष्ठ होतात, मग एक सेनापती सैन्य घेऊन रोममध्ये शिरतो, आणि एकदा ते झालं की पुढच्या प्रत्येकाला वाट मोकळी. हे कळायला मला कॉलेजच्या इतिहासात जमलं नाही ते हिच्या पहिल्या दोन खंडांत कळलं.

नकाशे तिने स्वतः काढलेत. पात्रांची पोर्ट्रेट्स स्वतः काढलीत, खरे अर्धपुतळे बघून. मागे शब्दकोश आहे तो नुसता वाचला तरी पैसे वसूल, टोगा (रोमन पुरुषांचं वस्त्र) कसा गुंडाळायचा इथपासून मतदान कसं व्हायचं इथपर्यंत. मॅक्वायरी युनिव्हर्सिटीने तिला १९९३ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. प्रकाशकांना रोमची हौस नव्हती, त्यांना अजून एक थॉर्न बर्ड्स पाहिजे होती, आणि तिला आयुष्यभर तेच विकत बसता आलं असतं. तिने ते सोडून हे डोंगराएवढं काम अंगावर घेतलं. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की नायक देव आणि बाकी सगळे पालापाचोळा, हिच्याकडे सुलासारखा क्रूर माणूसही आतून समजतो. सीझरच्या मात्र ती प्रेमात आहे, तिथे तोल जातो, हे कबूल.

माहीमचा_वाचक

सिरियलबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? आमच्या चाळीत भाड्याच्या व्हीसीआरवर रात्रभर बसून बघितली होती. रिचर्ड चेंबरलेन पाद्री, रेचल वॉर्ड मेगी आणि बार्बरा स्टॅनविक म्हातारी मेरी कार्सन, म्हणजे मेगीची श्रीमंत आत्या. १९८३ मध्ये अमेरिकेत एबीसीवर आली तेव्हा 'रूट्स'नंतर सगळ्यात जास्त बघितलेली मिनी सिरीज ठरली. शूटिंग ऑस्ट्रेलियात झालंच नाही, मेंढ्यांचं रान कॅलिफोर्नियात आणि ऊस हवाईत. लेखिकेला ती अजिबात आवडली नाही, बघून उलटी येते इथपर्यंत बोलली होती. मला मात्र स्टॅनविकचा तो एक सीन अजून आठवतो, म्हातारी आपल्याच अंगावर चिडते की आतून मी तरुण आहे आणि हे शरीर म्हातारं झालंय. चाळीतल्या सगळ्या काकवा गप्प झाल्या होत्या.

ल्यूक झालेला ब्रायन ब्राउन आणि मेगी झालेली रेचल वॉर्ड, दोघांनी पुढे खरंच लग्न केलं.

सायली_वि

सगळे कौतुक करतायत म्हणून थोडं दुसऱ्या बाजूचं लिहिते, राग मानू नका. १९८७ च्या 'द लेडीज ऑफ मिसलाँगी'वर आरोप झाला होता की ती कॅनडाच्या एल. एम. मॉन्टगोमेरीच्या 'द ब्लू कॅसल'वरून (१९२६) घेतलीये. मी दोन्ही वाचल्यात. घरच्यांनी दाबलेली, लग्न न झालेली मुलगी, हृदयाचा आजार, गूढ माणूस, तिनेच त्याला लग्नाचं विचारणं, साम्य खूपच आहे. कॉलीनचं म्हणणं होतं की लहानपणी वाचलेलं नकळत डोक्यात राहिलं असेल. असेलही, पण मूळ कादंबरी माझी फार लाडकी आहे त्यामुळे मला ते लागलं.

आणि दुसरं जास्त गंभीर. २००४ मध्ये प्रशांत महासागरातल्या पिटकेर्न बेटावरच्या पुरुषांवर लहान मुलींच्या अत्याचाराचे खटले चालले तेव्हा तिने जाहीरपणे त्या पुरुषांची बाजू घेतली, त्यांची रीतच आहे म्हणाली. बायकांच्या दुःखावर एवढं लिहिणाऱ्या बाईने त्या मुलींबद्दल असं बोलावं याचा मला अजूनही त्रास होतो.

ब्रिस्बेनची_वैदेही

सायली, दुसऱ्या मुद्द्यावर मी पूर्ण तुझ्या बाजूने आहे. त्यात तिची चूकच होती. ते कुठून आलं एवढंच सांगते. ती १९८० च्या आसपास नॉरफोक बेटावर राहायला गेली, समुद्रात ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीपासून साधारण १४०० किलोमीटर, अख्खं बेट जेमतेम ३५ चौरस किलोमीटर. तिथली बरीच घराणी म्हणजे बाउंटी या ब्रिटिश जहाजावरच्या बंडखोर खलाशांचे आणि ताहितीच्या बायकांचे वंशज, १८५६ मध्ये पिटकेर्नवरूनच इकडे आलेले. तिचा नवरा रिक रॉबिन्सन तिथलाच, १९८४ मध्ये लग्न केलं, ती तेव्हा ४६ वर्षांची. म्हणजे तिच्या दृष्टीने ते सासरचे लोक झाले. त्याने बोलणं बरोबर ठरत नाही.

आम्ही नॉरफोकला गेलो होतो पाच वर्षांपूर्वी. त्या उंच सरळ पाइनच्या झाडांमध्ये तिचं घर आहे, 'आउट येना' नाव, तिथल्या बोलीत 'तिकडे पलीकडे' असं काहीसं. मला तिची पुस्तकांची खोली बघून भरून आलं. एका टोकाला असलेल्या बेटावर बसून या बाईने अख्खं रोम उभं केलं. बेटाच्या कैद्यांच्या काळावरची 'मॉर्गन्स रन' (२०००) पण वाचा, इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला कैदी आणणाऱ्या पहिल्या जहाजांच्या ताफ्यातून आलेल्या कैद्याची गोष्ट आहे.

आणि अनघाताई, काकूंना हे सांगा. २००४ मध्ये कॉलीनच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, काकूंसारखाच पडद्याचा आजार, मॅक्युलात, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागात, रक्तस्राव. सांधेही धरले होते. शेवटची पुस्तकं तिने तोंडाने सांगून लिहून घेतली. 'बिटरस्वीट' २०१३ ची, आणि २९ जानेवारी २०१५ ला ती गेली, ७७ वर्षांची होऊन.

गेल्यावर काय झालं ते लिहिताना अजून संताप होतो. 'द ऑस्ट्रेलियन' या मोठ्या पेपरने मृत्युलेख छापला त्यात सुरुवातीलाच, की दिसायला साधारण आणि नक्कीच जाड असूनही ती विनोदी आणि प्रेमळ बाई होती. मेंदूशास्त्रज्ञ, ३ कोटी प्रती, सात खंड रोम, आणि पहिल्यांदा वजन! जगभरच्या बायकांनी आणि पुरुषांनी मग सोशल मीडियावर स्वतःचे तसलेच मृत्युलेख लिहून त्या पेपरची लाज काढली. माझ्या ऑफिसात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता.

ईईजीवाली

मी ते तेव्हा वाचलं होतं आणि डबा खाता आला नव्हता.

अनघा_ठाणे

किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. आईला रोज एकेक प्रतिसाद वाचून दाखवला. ऊसतोडीचा ऐकून म्हणाली त्या मुलाला सांग, तुझ्या आईवडिलांना माझा नमस्कार. तोंडी सांगून लिहिलं ते ऐकून गप्प बसली थोडा वेळ, मग म्हणाली मग मी पण तिकडच्या माहेरच्या आठवणी सांगते, तू टाइप कर. कालपासून सुरू केलंय, अडीच पानं झालीत. सगळी आजीच्या चुलीबद्दल आहेत.

आणि काल रात्री पुस्तक संपलं. ती वीस पानं. डेन गेलेला, राल्फ गेलेला, मेगीची मुलगी जस्टीन परत ड्रॉहेडाला येणार नाही, एवढ्या मोठ्या रानाला वारस नाही आणि मेगी ते सगळं कळून गुलाबांच्या बागेत. मी वाचायचं थांबवलं तर पलीकडून काहीच आवाज येईना, मला वाटलं झोपली. म्हटलं आई, आहेस का. तर म्हणाली, "अगं, मी चाळीस वर्षं समजत होते की ती शेवटी पोरीला परत बोलावून घेते." मग म्हणाली की हेच बरं केलं बाईने, आणि उद्या ते वेलिंग्टन कुठे आहे ते नकाशात दाखव, मोठं करून.

पंत, तुम्ही कुठपर्यंत आलात?

रोमन_पंत

पान ३१२. मेगीचा बाप पॅडी वणव्यात गेला. आज ऑफिसला उशीर झाला.